दुसरी प्रणाली गेली, जागा परत का येत नाही? हार्ड डिस्कच्या वाटणीचा इतिहास

१/
विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायचे, वर्ष-दोन वर्षे वापरायचे आणि मग एके दिवशी काढून टाकायचे, हे आपल्यापैकी अनेकांनी केले असेल. काढून टाकल्यावर दोन गोष्टी ध्यानात येतात. गेलेल्या प्रणालीने व्यापलेली जागा विंडोजकडे आपोआप परत येत नाही. ती ‘अनॲलोकेटेड’ या शिक्क्याखाली पडून राहते. आणि जुन्या संगणकांवर तर पुन्हा सुरू करताच काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ हे दोन शब्द उमटतात व विंडोजही दिसेनासे होते. या दोन्ही दुखण्यांचा उगम चाळीस वर्षांपूर्वीच्या ५१२ बाइटांच्या एका तुकड्यात आहे. आजचा धागा त्या तुकड्याविषयी.

२/
१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. त्याच्यासोबत एक नव्हे, तीन कार्यप्रणाली विक्रीस ठेवण्यात आल्या होत्या: मायक्रोसॉफ्टने पुरवलेली पीसी-डॉस, डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठात जन्मलेली पी-सिस्टीम. डॉसची किंमत ४० डॉलर, सीपी/एम-८६ ची २४० डॉलर. या किमतींतच पुढच्या इतिहासाचा निकाल लागला असे म्हणायला हरकत नाही. पण १९८१ मध्ये तो कोणालाच ठाऊक नव्हता.

त्या संगणकात हार्ड डिस्क नव्हतीच. प्रणाली फ्लॉपीवर असे. दुसरी प्रणाली हवी असेल तर फ्लॉपी बदलायची, नको असेल तर ती खणात ठेवून द्यायची. जागा परत मिळवण्याचा प्रश्न संभवतच नव्हता.

३/
८ मार्च १९८३ रोजी आयबीएमने ‘पीसी एक्सटी’ आणला आणि चित्र पालटले. त्यात १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क होती. आज मोबाइलमधले मोजकेच फोटो तिच्यात मावतील. तेव्हा मात्र ती एखाद्या कोठारासारखी वाटे. आता अडचण अशी की फ्लॉपी काढून ठेवता येते, हार्ड डिस्क यंत्राच्या पोटात कायमची बसलेली असते. मग तीन प्रणालींनी एकाच डिस्कवर नांदायचे कसे?

उत्तर म्हणून डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीसोबत ‘एफडिस्क’ नावाची आज्ञावली आली आणि डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये वाटणीचा तक्ता लिहिला जाऊ लागला.

४/
हा सेक्टर नीट पाहू. एकूण ५१२ बाइट. पहिले ४४६ बाइट एका चिमुकल्या कार्यक्रमासाठी. यंत्र सुरू झाले की सर्वप्रथम तो चालतो. पुढचे ६४ बाइट तक्त्यासाठी. शेवटचे २ बाइट ‘हा सेक्टर वैध आहे’ अशी खूण. तक्त्यात चारच नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांच्या. प्रत्येक नोंदीत विभाग कोठे सुरू होतो, किती लांब आहे, तो चालू करण्याजोगा आहे का, आणि त्याची ‘जात’ कोणती हे सांगणारा एकच बाइट.

चारच का? त्या काळी एका संगणकावर चारपेक्षा जास्त प्रणाली कोण बसवणार, असा साधा हिशेब. या ‘चार’ आकड्याने पुढची तीस वर्षे लोकांना छळले.

५/
येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी, कारण ती बहुतेक लेखांत हरवते. सुरुवातीच्या एफडिस्कला डॉससाठी एकच विभाग करता येत असे. म्हणजे आज आपण सी, डी, ई असे कप्पे सोयीसाठी पाडतो, तो वाटणीचा मूळ हेतू नव्हताच. विभाग म्हणजे एका प्रणालीचे स्वतंत्र राज्य. शेजारच्या राज्यात काय चालले आहे हे पाहण्याची तिला ना मुभा, ना गरज. एका प्रणालीने दुसरीच्या जागेकडे ‘परके’ म्हणून पाहणे हा दोष नसून करारच होता.

६/
आपल्याकडच्या वाचकांना हा तक्ता समजावायचा तर सातबारा उताऱ्यासारखी दुसरी उपमा नाही. उताऱ्यावर नाव, क्षेत्र आणि गट क्रमांक असतो. शेत मात्र बाहेर, उन्हात. उताऱ्यावरचे नाव खोडले म्हणून उभे पीक नाहीसे होत नाही. त्याचप्रमाणे तक्त्यातील नोंद पुसली की विभाग ‘गेला’ असे म्हणतात, पण त्यातील फायली तबकडीवर जशाच्या तशा असतात. फक्त त्या कोणाच्या, हे सांगणारा कागद राहिलेला नसतो.

टेस्टडिस्कसारखी साधने चुकून पुसलेला विभाग परत आणू शकतात ती याच कारणाने. ती डिस्क शोधत जातात आणि हरवलेल्या विभागांच्या खुणा सापडल्या की उतारा नव्याने लिहून देतात. त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले असेल, तर मात्र इलाज उरत नाही. नव्या लॅपटॉपमध्ये असतात त्या एसएसडींवर ही आशा आणखी क्षीण होते, कारण मोकळी झालेली जागा डिस्क स्वतःच आतून साफ करून ठेवते.

७/
आणि उताऱ्यावरून नाव गेले म्हणून शेजाऱ्याचा बांध आपोआप सरकत नाही. लिनक्सची नोंद पुसल्यावर विंडोजच्या नोंदीत काहीही बदललेले नसते. तिची सुरुवात तीच, लांबी तीच. जागा पडीक राहते. ती जोडून घ्यायची तर दुसरा ‘फेरफार’ करावा लागतो, आणि येथेच खरी कसोटी आहे.

८/
थोडा काळ पुढे जाऊ. डिस्का मोठ्या होत गेल्या, तक्ता आणि डॉस दोन्ही तोकडे पडू लागले. डॉस सेक्टर मोजण्यासाठी १६ बिट वापरी: ६५,५३६ गुणिले ५१२ बाइट म्हणजे ३२ मेगाबाइट. त्याहून मोठा विभाग त्याला कळतच नसे. १९८७ मध्ये डॉस ३.३ ने ‘एक्स्टेंडेड’ विभागाची युक्ती काढली: चारपैकी एका नोंदीच्या पोटात आणखी उपविभागांची साखळी. तेव्हापासून विभाग हे प्रणालीचे राज्य न राहता ड्राइव्हचे कप्पे झाले. भाऊबंदकीत शेताचे तुकडे पडत जावेत तसे.

(मुंबई प्रांताने १९४७ मध्ये शेतजमिनीची तुकडेबंदी करणारा कायदा केला होता. डिस्कसाठी तसा कोणी केला नाही.)

९/
आता त्या ‘जात’ सांगणाऱ्या बाइटाची गंमत. डॉस व विंडोजच्या विभागांचे क्रमांक वेगळे, लिनक्सच्या मुख्य विभागाचा ८३, बीओएसचा ईबी. (षोडशमान पद्धतीचे अंक आहेत हे.) विंडोजला ८३ दिसले की ती ते वाचत नसे, ड्राइव्हचे अक्षरही देत नसे. त्यामुळे लिनक्स बसवलेल्या डिस्कचा अर्धा भाग विंडोजच्या खिडकीतून पाहिला तर अस्तित्वातच नाही असे वाटे. नवखा माणूस मग विचारी, ‘माझी ८० जीबीची डिस्क ४० जीबीची कशी झाली?’

जुन्या एफडिस्कची तऱ्हा आणखी विचित्र. परका मुख्य विभाग तिला पुसता येई. पण एक्स्टेंडेडच्या पोटात लिनक्सने केलेले उपविभाग ती पुसू शकत नसे. आणि ते पुसल्याशिवाय बाहेरचे कवचही पुसू देत नसे! लिनक्स काढण्यासाठी पुन्हा लिनक्सचीच चकती घालावी लागे.

१०/
लिनक्सचा विषय निघालाच आहे तर त्याच्या बाल्यातील एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. १९९१ साली हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याच्या संगणकावर मिनिक्स ही प्रणाली होती आणि तिच्याच आधाराने तो आपली नवी प्रणाली रचत होता. मोडेमवरून विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावण्याची आज्ञा त्याने चुकून मोडेमऐवजी हार्ड डिस्ककडे धाडली. डिस्कने ती निमूटपणे लिहून घेतली, आणि मिनिक्सच्या विभागाचा काही भाग उद्ध्वस्त झाला.

मिनिक्स पुन्हा बसवावे की लिनक्सला स्वतःच्या पायावर उभे करावे? त्याने दुसरा मार्ग धरला. एका विभागाच्या अपघाती मृत्यूने दुसऱ्याला वयात आणले.

११/
पण दोन प्रणाली ठेवायच्या तर दाराशी कोणीतरी उभे राहून ‘आज कोणाकडे जायचे?’ असे विचारायला हवे. हा द्वारपाल म्हणजे बूट लोडर. आयबीएमच्या ओएस/२ ला स्वतःचा बूट मॅनेजर होता, विंडोज एनटीला तिचा. लिनक्ससाठी वर्नर आल्मेसबर्गर यांनी ‘लिलो’ लिहिला आणि पुढे ‘ग्रब’ने त्याची जागा घेतली.

अडचण अशी की दार एकच, आणि त्याच्या चौकटीत जागा फक्त ४४६ बाइट. एवढ्या जागेत पूर्ण द्वारपाल मावत नाही. म्हणून चौकटीत त्याचा एक अंश ठेवतात आणि बाकीचा लिनक्सच्या विभागात. आता कोणी विंडोजमधून लिनक्सचा विभाग पुसला की काय होईल? चौकटीतला अंश जागा होतो, उरलेल्या देहाला हाक मारतो, आणि तिथे कोणी नसते. जुन्या ग्रबमध्ये याला ‘एरर २२’ म्हणत, अर्थ ‘असा विभाग नाही’. नव्यात ‘ग्रब रेस्क्यू’. विंडोज पलीकडे सुखरूप असते. फक्त तिच्यापर्यंत नेणारा कोणी उरलेला नसतो.

१२/
यावरचा उतारा जुना आहे. एमएस-डॉस ५ पासून एफडिस्कला एक छुपी सूचना देता येई, जिने पहिले ४४६ बाइट मूळ रूपात लिहिले जात आणि तक्त्याला धक्का लागत नसे. मायक्रोसॉफ्टच्या पुस्तिकेत ती नव्हती. पण संगणक दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ होती. विंडोज २००० मध्ये तीच ‘फिक्स-एमबीआर’ झाली. क्रम मात्र उलटा ठेवावा: आधी दार दुरुस्त, मग विभाग पुसणे. पुष्कळांच्या रात्री वाया गेल्या त्या क्रम चुकल्यामुळे.

१३/
द्वारपाल कोणाचा, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. त्यावर एक कंपनी बुडाली.

ॲपलमधून बाहेर पडलेल्या जाँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये ‘बी’ ही कंपनी काढली. तिची बीओएस ही प्रणाली ध्वनी व चित्रफितींच्या कामात विलक्षण चपळ होती. १९९८ मध्ये ती इंटेलच्या संगणकांवर आली. विंडोजला हटवण्याची भाषा गासे करत नव्हते. विंडोजच्या शेजारी एक विभाग द्या, एवढेच मागणे. त्यासाठी संगणक निर्मात्यांना ती फुकट देण्याचीही तयारी दाखवली.

१४/
जपानच्या हिताचीने होकार दिला. त्यांच्या काही संगणकांत विंडोजसोबत बीओएस खरोखर बसवलेली होती. पण संगणक सुरू केल्यावर निवड विचारणारा द्वारपाल मात्र नव्हता. बीओएस डिस्कवर होती, जागा अडवून होती, आणि ग्राहकाला दिसत नव्हती. ती जागी करायची तर वेगळी खटपट करावी लागे.

असे का? ‘बी’चे म्हणणे असे की मायक्रोसॉफ्टचे निर्मात्यांशी असलेले परवाना करार दुसऱ्या प्रणालीचा द्वारपाल बसवू देत नव्हते. २००१ मध्ये कंपनीने आपली मालमत्ता पामला सुमारे १.१ कोटी डॉलरला विकली. फेब्रुवारी २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. सप्टेंबर २००३ मध्ये तडजोड झाली: मायक्रोसॉफ्टने २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर दिले, कोणतीही चूक मान्य न करता.

माझ्या मते संगणकाच्या इतिहासात ४४६ बाइटांसाठी इतकी मोठी किंमत दुसऱ्या कोणी मोजली नसेल.

१५/
याच ‘बी’ने २००० साली जागेच्या प्रश्नावर एक सुरेख तोड काढली होती. बीओएसच्या पाचव्या आवृत्तीची मोफत प्रत विभागच मागत नसे. विंडोजच्या विभागात ५१२ मेगाबाइटांची एक मोठी फाइल, आणि त्या फाइलीच्या पोटात संपूर्ण प्रणाली. नको झाली की फाइल पुसा. जागा त्याच क्षणी विंडोजला परत.

२००८ मध्ये उबंटूने ‘वुबी’द्वारे हीच वाट धरली: लिनक्स आत यायचे ते एखाद्या साध्या कार्यक्रमासारखे आणि जायचेही तसेच, कंट्रोल पॅनेलमधून. वुबी काही वर्षांत बंद पडले. पण ज्यांना भीती वाटत होती अशा कित्येकांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिले ते त्यातूनच.

१६/
आता पडीक जागा जोडून घेण्याकडे येऊ. विभाग उजवीकडे वाढवणे तुलनेने सोपे: सुरुवात तीच, लांबी वाढवायची, फाइल व्यवस्थेला नवी हद्द कळवायची. डावीकडे वाढवणे महाकठीण. फाइल व्यवस्थेचे सारे पत्ते विभागाच्या सुरुवातीपासून मोजलेले असतात. सुरुवात सरकली की सगळा संसार उचलून नव्या ठिकाणी मांडावा लागतो. शंभर जीबी असतील तर शंभरच्या शंभर.

१९९० च्या दशकात अमेरिकेतील युटा राज्यातल्या पॉवरक्वेस्टने ‘पार्टिशनमॅजिक’ विकायला आणले, ते हेच काम करण्यासाठी. नाव अतिशयोक्त नव्हते. त्याआधी बहुतेकांसमोर एकच मार्ग असे, सारे पुसून पुन्हा आरंभ. २००३ मध्ये सिमँटेकने ती कंपनी विकत घेतली. तोवर मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ‘पार्टेड’ आले होते, आणि त्याला २००४ च्या सुमारास ‘जीपार्टेड’चा चेहरा मिळाला. आजही ते पेनड्राइव्हवरून चालते.

१७/
हे स्थलांतर मध्येच तुटले तर? अर्धा संसार जुन्या घरात, अर्धा नव्यात, आणि पत्ते दोन्हीकडचे चुकीचे. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात ज्यांनी भारनियमन अनुभवले, त्यांना ‘यूपीएस जोडल्याशिवाय विभाग हलवू नये’ हा सल्ला किती मोलाचा होता हे सांगायला नको. लॅपटॉपवाल्यांनी आजही चार्जर लावूनच हे करावे. आणि त्याआधी फायलींची दुसरी प्रत. हा सल्ला कंटाळवाणा आहे, तरी सोडू नये.

१८/
विंडोजने ही सोय स्वतःच्या घरात आणली ती व्हिस्टासोबत, २००७ च्या आरंभी. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये ‘श्रिंक’ व ‘एक्स्टेंड’ हे दोन पर्याय आले. पण ‘एक्स्टेंड’ची अट कडक: मोकळी जागा विभागाला लागून, आणि तीही उजव्या बाजूला असली पाहिजे. मध्ये दुसऱ्या कोणाचा वीतभर तुकडा असला तरी पर्याय करडा पडतो.

हा वीतभर तुकडा अलीकडे बहुधा विंडोजचाच असतो: सी ड्राइव्हच्या मागे बसलेला ‘रिकव्हरी’ विभाग. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चे एक सुरक्षा अद्यतन अनेक संगणकांवर फसले, कारण हा विभाग अपुरा पडत होता. तेव्हा मायक्रोसॉफ्टने ग्राहकांना तो २५० मेगाबाइटांनी हाताने वाढवायची कृती दिली. चाळीस वर्षांनंतरही सामान्य माणसाला बांध सरकवायला सांगितले जाते, ते असे.

१९/
मूळ तक्त्याचे काय झाले? त्यात सेक्टर मोजायला ३२ बिट होते, म्हणजे कमाल सुमारे २ टेराबाइट. डिस्का त्यापुढे गेल्या. इंटेलने इटेनियमसाठी आखलेल्या ईएफआय व्यवस्थेसोबत ‘जीपीटी’ हा नवा तक्ता आला: साधारणतः १२८ नोंदी, आणि डिस्कच्या शेवटी तक्त्याची दुसरी प्रत. चाराची कटकट संपली.

नव्या तक्त्यात ‘जात’ सांगायला १६ बाइट आहेत. गंमत म्हणजे आरंभी लिनक्सची साधने आपल्या विभागांना विंडोजचाच ओळखक्रमांक देत असत. परिणाम असा की विंडोज त्या विभागाला आपले मानून, आत काही कळेना म्हणून, मोठ्या नम्रतेने विचारी: ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ एका चुकीच्या ‘हो’ने लिनक्सचा सारा संसार जाई. पुढे लिनक्सला स्वतःचा ओळखक्रमांक मिळाला.

२०/
द्वारपालही ४४६ बाइटांतून सुटला. आता त्याच्यासाठी वेगळा छोटा विभाग असतो, आणि त्यात प्रत्येक प्रणालीची स्वतंत्र पेटी. त्यामुळे हल्ली लिनक्सचा विभाग पुसला तरी विंडोज बहुधा सुरू होते. मात्र उबंटूची पेटी त्या छोट्या विभागात तशीच राहते, आणि मदरबोर्डच्या स्मृतीत तिचे नावही. सुरुवातीच्या यादीत गेलेल्या प्रणालीचे नाव दिसत राहते ते त्यामुळे. पेटी पुसणे आणि नोंद काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. जागेच्या दृष्टीने ती नगण्य, पण ती केल्याशिवाय घर पूर्ण रिकामे झाले असे म्हणता येत नाही.

२१/
ॲपलने वेगळी वाट घेतली. एप्रिल २००६ मध्ये आलेल्या बूट कॅम्पमध्ये मॅकवर विंडोज बसवण्याची जशी सोय होती, तशीच ती काढून डिस्क पुन्हा एकसंध करण्याचीही. २०१७ मध्ये आलेल्या एपीएफएसने तर भिंतच विरघळवली: एकाच कंटेनरमधले अनेक खंड मोकळी जागा सामाईक वापरतात, आणि एक खंड पुसला की त्याची जागा लगेच बाकीच्यांची होते. २०२० च्या अखेरीस ॲपलने स्वतःच्या चिपा आणल्या आणि त्या यंत्रांवर बूट कॅम्प उरला नाही.

२२/
विंडोजवाल्यांसाठीही दुसरा विभाग आता क्वचितच लागतो. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय जाहीर केली, आणि तिच्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्सच्या सगळ्या फायली एका आभासी डिस्क-फाइलीत राहतात. बीओएसची २००० सालची युक्ती, दारच्या मालकानेच उचललेली.

ती फाइल गरजेप्रमाणे फुगत जाते. आतल्या फायली पुसल्या तरी बाहेरून तिचा आकार सहसा आपोआप कमी होत नाही. लिनक्स समूळ काढले तर फाइलही जाते. लिनक्स ठेवून जागा परत हवी असेल तर ते बंद करायचे, आणि एफडिस्कची वारस असलेल्या ‘डिस्कपार्ट’कडून ती फाइल आक्रसून घ्यायची.